शत्रूला आधी निर्दोष ठरवायलाच हवं का?

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुण्यांची गर्दी होते, दिवसा दंडार हे लोकनाट्य रंगतं आणि रात्री दहाच्या सुमारास नाटकाचा पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या तारखा महिनोनमहिने आधी भरलेल्या असतात. पौराणिक नाटकं आता मागे पडली, त्यांची जागा हुंडा, दारू, शेतकऱ्याचं कर्ज असल्या विषयांनी घेतली. पण कुठे दंडारीत, कुठे हौशी मंडळींच्या प्रयोगात कर्ण अजून भेटतो. त्याच्या रथाचं चाक रुतलं की मांडवातली कुजबुज थांबते आणि बायांचे पदर डोळ्यांना लागतात. "त्याले मायनंच सोडलं, मंग तो का करन?" असं एखादी म्हातारी शेजारणीला सांगते, आणि तिच्यापुरता खटल्याचा निकाल लागतो.

ही म्हातारी रडते आहे ती शत्रूसाठी, हे आपल्या लक्षातही येत नाही. पांडव आपले, कृष्ण आपला, गीता आपली. कर्ण समोरच्या फौजेचा सेनापती. तरी महाभारतातल्या कुठल्याही पांडवाला मिळाला नसेल एवढा जीव मराठी माणसानं कर्णाला लावला. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ साली. अर्धशतक उलटून गेलं तरी या दोन्ही कादंबऱ्या ग्रंथालयाच्या कपाटात फार दिवस टिकत नाहीत. हरणाऱ्या, मरणार हे ठरलेल्या शत्रूवर माया करणारा समाज म्हणून आपण स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही.

मला मात्र त्या म्हातारीच्या वाक्यातला 'मंग' खटकतो. आधी मायनं सोडलं हे सिद्ध व्हायला हवं, मग दोष धुतला जाणार, आणि त्यानंतर रडायला परवानगी. आपली कर्णाविषयीची करुणा निर्दोषपणाचा दाखला घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. शत्रूसाठी रडण्याची याहून वेगळी, याहून अवघड रीत जगातल्या एका फार जुन्या काव्यात आहे, आणि खरं तर आपल्या घरातही आहे. आपणच ती माळ्यावर टाकली.

ते जुनं काव्य म्हणजे होमरचं 'इलियड'. साधारणपणे ते इसवी सनाच्या आधीच्या आठव्या शतकातलं मानतात. ग्रीकांनी रचलेलं, ग्रीकांनी ग्रीकांसमोर म्हटलेलं हे काव्य ग्रीकांच्या ट्रॉयवरच्या स्वारीचं आहे. साहजिकच वाचणाऱ्याला वाटतं की शेवटी ट्रॉय पडणार, लाकडी घोडा येणार, विजयाचा जल्लोष होणार. त्यातलं काहीही 'इलियड'मध्ये घडत नाही. घोडा नाही, नगराचा पाडाव नाही, ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस याचा मृत्यूही नाही. हे काव्य संपतं ते शत्रूच्या राजपुत्राच्या, हेक्टरच्या, अंत्यविधीवर. अगदी शेवटच्या ओळीतही नाव त्याचंच आहे. जिंकणाऱ्यांच्या भाषेतलं सर्वांत मोठं काव्य हरणाऱ्याच्या मातीला येऊन थांबतं.

आता या हेक्टरला होमरनं किती सूट दिली ते पाहा. जवळजवळ काहीच नाही. अकिलीसच्या जिवलग मित्राला, पॅट्रोक्लसला, मारल्यावर हा त्याच्या अंगावरचं चिलखत उतरवून स्वतः घालतो, मुडदा कुत्र्यांना टाकण्याच्या गोष्टी करतो. पॉलिडॅमस नावाचा शहाणा सहकारी सांगतो की अकिलीस आता रणात उतरेल, रातोरात सैन्य तटाच्या आत घेऊ. हेक्टर त्याला झिडकारतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या हट्टापायी ट्रॉयची माणसं नदीत मरून तरंगतात. तो तटाबाहेर एकटा उभा राहतो त्यामागे शौर्य आहेच, पण त्याहून जास्त लाज आहे. आपल्यामुळे माणसं मेली हे आत जाऊन कोणत्या तोंडानं ऐकायचं? बरं, उभा राहिला तर राहिला, अकिलीस जवळ आल्यावर हा चक्क पळतो. आपल्या एखाद्या कादंबरीकारानं हा पळ गाळून टाकला असता किंवा त्याला काहीतरी उदात्त कारण चिकटवलं असतं. होमर त्याला नगराभोवती तीन फेरे पळवतो.

त्या पळण्यातच होमर एक गोष्ट दाखवतो. दोघं धावत दोन झऱ्यांजवळून जातात, एक ऊन पाण्याचा आणि एक बर्फासारख्या गार पाण्याचा. तिथे दगडी डोण्या आहेत. लढाई सुरू होण्याआधी, ग्रीक यायच्या आधी, ट्रॉयच्या बायका-पोरी इथे धुणं धूत असत. एवढंच सांगून कवी पुढे जातो. हेक्टर चांगला होता, त्याच्यावर अन्याय झाला, असलं काही तो म्हणत नाही. ज्या गावात बायका धुणं धूत होत्या त्या गावचा हा माणूस आहे, आणि तो आता मरणार आहे, एवढंच आपल्याला कळतं.

मग देवी अथीना त्याच्या भावाचं रूप घेऊन येते आणि त्याला थांबवते. हेक्टर भाला फेकतो, नेम लागतो पण भाला ढालीवरून उसळून दूर पडतो, दुसरा भाला मागायला मागे वळतो तर भाऊ नाहीच. तिथे त्याला सगळं उमगतं. कर्णाच्या बाबतीत ऐन वेळी अस्त्र आठवत नाही, चाक जमीन गिळते, शाप फळाला येतो. फसवणूक दोन्हीकडे आहे, देव दोन्हीकडे विरोधात आहेत. आणखी एक साम्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दोघांनाही शेवट आधीपासून माहीत आहे. ट्रॉय एक दिवस पडेल असं हेक्टर आपल्या बायकोला आधीच सांगून चुकला आहे. कृष्ण राज्याचं आमिष दाखवायला येतो तेव्हा या युद्धात दुर्योधनाकडची फौज संपणार हे कर्णही त्याला सांगतो. माहीत असून दोघं जातात.

हेक्टर पडला आहे हे नगरात अजून सगळ्यांना कळलेलं नाही. त्याची बायको अँड्रोमाखी आतल्या दालनात मागावर बसली आहे, जांभळ्या कापडात फुलं विणते आहे. दासींना तिनं मोठं भांडं चुलीवर चढवायला सांगितलंय. नवरा लढून येईल, त्याला ऊन पाण्यानं अंघोळ लागेल. तेवढ्यात तटावरून रडणं ऐकू येतं आणि तिच्या हातातला धोटा खाली पडतो. मोहाडी-आंधळगावकडच्या कोशाच्या मागावर ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना या प्रसंगावर टीप लागणार नाही. विणताना धोटा असा सुटत नसतो. तो सुटला याचा अर्थ हात आता आपला राहिलेला नाही.

विजेत्याच्या कवीनं शत्रूच्या बायकोच्या चुलीवरचं पाणी का दाखवावं? 'हेक्टर निर्दोष होता' हे पटवायला त्या पाण्याचा काही उपयोग नाही. पॉलिडॅमसचं न ऐकणारा, मुडद्याची विटंबना करू पाहणारा, पळालेला, असा जो हेक्टर आपण आत्ता पाहिला त्याच्याचसाठी ते पाणी तापतं आहे. त्याचे अपराध आणि त्याच्यासाठी होणारा शोक होमर दोन वेगळ्या वह्यांत लिहितो आणि एकीतली रक्कम दुसरीतून वजा करत नाही.

हे फक्त राजपुत्रापुरतं असतं तर मी एवढं लांबण लावलं नसतं. 'इलियड'मध्ये ट्रॉयच्या बाजूची कितीतरी साधी माणसं एका ओळीत येतात आणि मरतात. अक्सिलोस नावाचा एक जण आहे. त्याचं घर रस्त्याच्या कडेला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो घरात घ्यायचा, पाहुणचार करायचा. ग्रीक वीर डायोमिडीज त्याला मारतो तेव्हा कवी म्हणतो की त्या पाहुण्यांपैकी एकही जण त्याच्या आणि मरणाच्या मध्ये उभा राहायला तिथे नव्हता. बस, अक्सिलोस संपला, पुन्हा त्याचं नाव नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर, १९४०-४१ साली, सिमोन वेय या फ्रेंच विदुषीनं 'इलियड'वर एक निबंध छापला. त्यात तिचं निरीक्षण आहे की हा कवी ग्रीक आहे की ट्रॉयचा, हे काव्य वाचून नीटसं कळतही नाही. पराभूत देशात बसून लिहिणाऱ्या बाईला ते जास्त स्पष्ट दिसलं असणार.

आता आपल्या कर्णाकडे येऊ. 'मृत्युंजय'ची रचना आठवा. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात, शेवटी कृष्ण बोलतो. द्रौपदी बोलत नाही. भर सभेत जिला त्यानं वेश्या म्हटलं, जिची वस्त्रं काढून घ्यायला सांगितलं, ती साक्षीदारांच्या पिंजऱ्यात येतच नाही. सावंतांच्या कादंबरीची ताकद मी कमी लेखत नाही, माझ्या पिढीतल्या अनेकांना वाचनाची चटक तिनंच लावली. पण साक्षीदार निवडूनच निकाल लावायचा ठरवला तर निकाल हवा तसा लागतो. लोककथाही तेच करतात. मरणाच्या दारात दातातलं सोनं पाडून देणारा कर्ण कीर्तनात हमखास येतो. त्या दानापुढे सभेतला तो दिवस कोणाला आठवणार? इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये कर्णाला एवढी सूट दिली नाही. ते पुस्तकही १९६७ चंच, 'मृत्युंजय'च्याच वर्षाचं. वाचकांनी कोणाला उराशी धरलं ते सांगायला नको.

व्यासांनी असं केलं नव्हतं. चाक रुतल्यावर कर्ण अर्जुनाला धर्माची आठवण देतो तेव्हा कृष्ण त्याला विचारतो की द्रौपदीला सभेत आणलं तेव्हा तुझा धर्म कुठे होता, अभिमन्यूला घेरून मारलं तेव्हा कुठे होता. आरोपपत्र वाचलं जातं ते ऐन मरणाच्या क्षणी, कर्णाच्या तोंडावर. आणि लगेच त्याचं शिर पडल्यावर त्याच्या देहातून तेज निघतं आणि सूर्याकडे जातं. आरोप खरे, तेजही खरं. व्यासांनाही दोन वह्या ठाऊक होत्या.

त्याहून मोठी गोष्ट स्त्रीपर्वात आहे. हे पर्व आपण फारसं वाचत नाही. लढाई जिंकली, गदायुद्ध झालं, अश्वत्थाम्याचा मणी गेला, इथवर आलो की आपल्याला महाभारत संपल्यासारखं वाटतं. युद्ध संपल्यावर गांधारीला दिव्य दृष्टी मिळते. जन्मभर डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई पहिल्यांदा पाहते ते कुरुक्षेत्रावरचे मुडदे. ती कृष्णाला एकेक मुडदा दाखवत जाते. दुर्योधन दाखवते, दुःशासन दाखवते, आणि शत्रूकडचा अभिमन्यूही दाखवते, त्याच्या अंगावरून हात फिरवणारी उत्तरा दाखवते. कर्णाजवळ आक्रोश करणारी त्याची बायको दाखवते. भूरिश्रव्याचा प्रसंग तर काळीज चिरतो. तो सात्यकीशी लढत असताना अर्जुनानं लांबून बाण मारून त्याचा हात तोडला, आणि शस्त्र टाकून प्रायोपवेशनाला बसलेल्या त्या माणसाचं शिर सात्यकीनं उडवलं. त्याची बायको तो तुटका हात मांडीवर घेऊन बसली आहे. याच हातानं शत्रू मारले, गाई दान दिल्या, याच हातानं माझ्या कमरेची मेखला सोडली, असं ती म्हणते. पुढे मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त या प्रसंगातला श्लोक करुण रसाच्या अंगानं येणाऱ्या शृंगाराचं उदाहरण म्हणून घेतला. साहित्यशास्त्र्यांना जे दिसलं ते कादंबरीकारांच्या नजरेतून निसटलं.

आणि गांधारी आपल्या पोराला निर्दोष ठरवते का? मुळीच नाही. युद्धाला निघताना दुर्योधन आशीर्वाद मागायला आला तेव्हा जिकडे धर्म तिकडे जय असंच आपण त्याला सांगितलं होतं, हे ती त्याच्या प्रेताशेजारी उभी राहून सांगते. पोरगं चुकलं हे तिला पूर्ण माहीत आहे. तरी ती रडते, आणि रडता रडता कृष्णालाही शाप देते. अँड्रोमाखीच्या चुलीवरच्या पाण्याशी नातं सांगणारी आपल्याकडची बाई म्हणजे ही. कर्णाच्या कादंबऱ्यांनी आपल्याला कुंती दिली. गांधारी तशीच उभी राहिली, रणावर.

इथे कोणी म्हणेल की हा सगळा सूक्ष्म भेद वाचणाऱ्यांच्या चैनीचा आहे, शत्रूसाठी माणूस रडला हेच पुष्कळ नाही का? पुष्कळ आहे. पण दाखला मागणाऱ्या करुणेचं एक भयंकर दुसरं टोक असतं, आणि ते भंडारा जिल्ह्याला तरी परकं असू नये. सूतपुत्र म्हणून हिणवलेल्या कर्णासाठी मंडईच्या रात्री आपण रडतो. याच जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारून त्यांची प्रेतं कालव्यात टाकली गेली. तिथे शत्रू नव्हता, योद्धा नव्हता, कुठलीही लढाई नव्हती, होती ती आई आणि तिची मुलं. आणि नंतर कितीतरी दिवस चर्चा कशाची झाली, तर मेलेल्या बाईच्या चारित्र्याची. आधी ती कशी होती ते ठरू द्या, मग हळहळ. कर्णाला दाखला कादंबरीकारानं आणून दिला म्हणून तो तरला. ज्यांना दाखला आणून द्यायला कोणी नसतं त्यांचं काय होतं ते आपण पाहिलं. दाखला मागायची सवयच वाईट.

रावणाचा प्रश्न इथे निघतोच, आणि तो मी मुद्दाम वेगळा ठेवतो. मेळघाटात कोरकू मेघनादाला पूजतात, गोंडांमध्ये स्वतःला रावणवंशी म्हणवणारे आहेत, अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात रावणाची मूर्ती पूजली जाते. दसऱ्याला रावणदहन नको अशी निवेदनं विदर्भातल्या आदिवासी संघटना देत आल्या आहेत. याला 'शत्रूविषयी सहानुभूती' म्हणणं चूक आहे. तो त्यांचा शत्रू नाहीच, पूर्वज आहे. सहानुभूतीचा प्रश्न पडलाच तर पुतळा जाळणाऱ्यांना पडायला हवा. आणि त्यांच्या सोयीसाठी रामायणातच रामानं बिभीषणाला सांगून ठेवलं आहे की वैर मरणाबरोबर संपतं, आता याचे अंत्यसंस्कार कर. प्रतापगडाच्या परिसरात अफझलखानाची कबर आहे ती याच रीतीतली. मेलेल्या शत्रूला माती देणं आपल्याला नवं नाही. होमरचं म्हणणं याच्या एक पाऊल अलीकडचं आहे. वैर जिवंत असताना, भाला हातात असताना, समोरच्याच्या घरी पाणी तापतंय हे दिसायला हवं.

भाला मात्र हातातून सुटत नाही, हेही होमर लपवत नाही. दया आली म्हणजे युद्ध थांबतं असली स्वस्त आशा त्यानं दिलेली नाही. अकिलीस हेक्टरचे घोटे भोकसून, त्यांत वादी ओवून त्याला रथामागे फरफटवतो. त्याआधी एकेक ग्रीक येऊन त्या प्रेताला भोसकून जातो आणि म्हणतो, आता हा हाताळायला बराच मऊ झालाय. मग एका रात्री म्हातारा प्रायम, हेक्टरचा बाप, शत्रूच्या तळावर येतो आणि ज्या हातांनी आपली पोरं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. तुझ्या बापाला आठव, एवढंच मागणं. दोघं रडतात, हा पोरासाठी, तो बापासाठी आणि मित्रासाठी. पण रडून झाल्यावर अकिलीस म्हाताऱ्याला बजावतो की मला फार डिवचू नकोस, नाहीतर तुलाही मारून बसेन. हेक्टरच्या अंत्यविधीला किती दिवस हवेत, असं मात्र तो आपणहून विचारतो. अकरा दिवसांची लढाईबंदी ठरते. आपल्याकडच्या दहाव्या-तेरवीचा हिशेब आठवेल असेच ते दिवस आहेत. बाराव्या दिवशी गरज पडली तर पुन्हा लढू, असं प्रायमच म्हणतो. म्हणजे करुणेनं तह झाला नाही, कोणाचं मत बदललं नाही, ट्रॉय पडायचं ते पडणारच आहे. मग मिळालं काय? एका प्रेताला माती आणि दोन माणसांना एकमेकांसमोर बसून जेवण. माझ्या मते हे थोडं नाही. शोकाची किंमत त्याच्या परिणामावरून ठरवणारे लोक शोक करत नाहीत, सौदा करतात.

ही रीत ग्रीकांकडे होमरनंतरही दिसते. अथेन्सचा नाटककार ईस्किलस स्वतः मॅरेथॉनला इराणी फौजेशी लढला होता. सालामिसच्या लढाईनंतर आठच वर्षांनी, इसवी सनापूर्वी ४७२ मध्ये, त्यानं अथेन्सच्या रंगमंचावर 'पर्शियन्स' हे नाटक आणलं. त्यातलं सगळं रडणं हरलेल्या इराणी दरबारातलं आहे. ज्यांची घरं इराण्यांनी जाळली ते प्रेक्षक समोर बसले होते, आणि त्या नाटकाला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. इराणी राजाचा उन्माद त्यात झाकलेला नाही, चांगला उघडा पाडला आहे. गुन्हा आणि आकांत एकाच रंगमंचावर मावतात याचा हा लेखी पुरावा.

म्हणून माझं मागणं झाडीपट्टीच्या, म्हणजे मंडईत रात्र जागवणाऱ्या या रंगभूमीच्या, नाटककारांकडे आहे. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरांना तिची नव्यानं ओळख झाली. पण पहाटे चारपर्यंत जागणारा प्रेक्षक तिच्याकडे आधीपासून आहे, आणि तसा प्रेक्षक मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांना कधीच मिळणार नाही. त्या प्रेक्षकाला कर्ण दाखवा, जरूर दाखवा, पण त्याच नाटकात द्रौपदीला बोलू द्या, आणि सभेत कर्ण जे म्हणाला ते गाळू नका. म्हातारीचं रडणं त्यानं आटेल अशी भीती नको. आटलं तर ते कर्णासाठी नव्हतंच. आणि येत्या हंगामात एखाद्या कंपनीनं एक रात्र स्त्रीपर्वाला द्यावी. गांधारी, उत्तरा आणि तुटका हात मांडीवर घेतलेली भूरिश्रव्याची बायको, तीन बायांचं नाटक. खर्च कमी, गाणी भरपूर, आणि बायांच्या बाजूचा मांडव नक्की भरेल.